दर बारा ओळींनी एक ठिपका

एका जंगलात एक आवाज यायचा. खट्. मग गप्प. मग पुन्हा खट्.

बाळांनो, भिवाजी कासवाने तो आवाज ऐकला तेव्हा भिवाजी बोराएवढा होता. आता तो इतका म्हातारा झाला आहे की कोणी वय विचारलं तर आधी खाली बसून घेतो. पण आवाज त्याच्या कानात तसाच आहे.

जंगलाच्या कडेने लाकूडतोड्यांच्या दोन गाड्या जायच्या. एक मोठी बैलगाडी आणि तिच्यामागे एक लहानसा छकडा. दोघांपैकी एकाच्या चाकातून खिळा वर आला होता. चाक फिरलं की खिळा दगडाला लागायचा आणि खट् व्हायचं. बैलगाडीवाला म्हणायचा, तुझ्या छकड्याचा आवाज. छकडेवाला म्हणायचा, तुझ्या गाडीचा. असे भांडत भांडत दोघे रोज बाजाराला जायचे.

एके दिवशी भिवाजीच्या आजाने त्याला वाटेवर नेलं. धुळीत खिळ्याची एक खूण होती. पुढे गेल्यावर दुसरी. आणखी तेवढंच पुढे गेल्यावर तिसरी. आजाने दोन खुणांमधलं अंतर पावलांनी मोजलं. कासवाची पावलं ती, दुपार झाली. मोजून झाल्यावर आजा म्हणाला, "छकडाच. बैलगाडीचं चाक मोठं, तिची खूण याहून लांब पडली असती."

मग त्याने नातवाला एक गोष्ट सांगितली. "एकच खूण सारख्या अंतराने पुन्हा पुन्हा आली, तर दोष वाटेचा नसतो. काहीतरी गोल फिरत असतं, त्याचा असतो. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्याचा घेर. घेर कळला की चाक सापडतं."

भिवाजीची शाळा एवढीच झाली. पुढे त्याला कधी शाळेत घातलं नाही.

पुष्कळ वर्षं गेली. जंगलात कचेरी आली. कचेरी आली म्हणजे याद्या आल्या. पूर्वी यादी सुतारपक्षी झाडाच्या सालीवर टोचून लिहायचा. एक यादी व्हायला एक उन्हाळा लागायचा. यादी होईपर्यंत पाऊस पडायचा आणि यादीची गरजच उरायची नाही. सगळं ठीक चाललं होतं.

मग कचेरीत लेझर प्रिंटर आला. तो कुठून आला हे विचारू नका. कचेरीत वस्तू येतात. त्याला लागणारी वीज काजव्यांनी पुरवायची असं ठरलं. काजवे दिवसा झोपत, त्यामुळे कचेरीच्या वेळात वीज बरेचदा नसायची. पण असायची तेव्हा प्रिंटर घर्र करून एका दमात पानामागून पान बाहेर टाकायचा. वाघमहाराज ते बघायला मुद्दाम आले. गरम कागद त्यांनी गालाला लावून पाहिला आणि म्हणाले, छान.

प्रिंटरवर एक वानर नेमला होता. त्याचं नाव हणमा. त्याचं काम बटण दाबायचं. कचेरीचे प्रमुख होते एक उदमांजर. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांचं काम हणमाने बटण दाबलं की नाही ते बघायचं.

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. ओढे आटले. डबकी आटली. पाणी उरलं ते फक्त राजाच्या तळ्यात. मग महाराजांनी हुकूम काढला की तळ्यावर कोणी पाणी प्यायचं त्याची यादी करा, म्हणजे गर्दी होणार नाही. दर पंधरा दिवसांनी नवी यादी निघायची. ती तळ्याच्या वाटेवरच्या बाभळीला लावायची. यादीखाली गवा पहारा द्यायचा. ज्याचं नाव वाचता येईल त्याला आत सोडायचं, वाचता येणार नाही त्याला परत पाठवायचं, असा नियम होता.

गव्याला वाचता येत नव्हतं. पण नाव कुठे आहे ते प्रत्येकाने नखाने दाखवायचं आणि गव्याने बघायचं, असं चालायचं. नावावर काही नसलं की गवा मान हलवून आत सोडायचा.

पहिली यादी लागली. सहा पानांची. सुरेख, काळीभोर अक्षरं. फक्त प्रत्येक पानावर तीन ठिपके पडले होते. करवंदाएवढे, काळे कुळकुळीत. एक सातव्या ओळीवर, एक एकोणिसाव्या, एक एकतिसाव्या. ठिपक्याखाली जे नाव आलं ते गेलं.

पहिल्या पानावर सातव्या ओळीत गोदाक्का होती.

गोदाक्का म्हणजे सायाळ. अंगावर काटे, पण बोलायला मऊ. तिचा नवरा मागच्या साली वारला होता. पदरात दोन पिल्लं होती. धाकटं जन्मापासूनच अशक्त. ती पिल्लांना घेऊन बाभळीपाशी आली आणि तिने आपलं नाव दाखवलं. गव्याने ठिपका पाहिला. "डाग आहे," तो म्हणाला.

गोदाक्का म्हणाली, डागाखाली मीच आहे. गवा म्हणाला, असाल, पण दिसत नाही. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. पण त्याने वाट सोडली नाही.

भिवाजी तळ्यातच राहायचा. आणि गोदाक्काचं बीळ तळ्यापासून दोन टेकड्या पलीकडे. तिचा नवरा असताना तो आणि भिवाजी संध्याकाळी न बोलता शेजारी बसायचे. तेवढ्यावर भिवाजी गोदाक्काला लेक मानायचा. त्याला कळलं तेव्हा त्याने कमळाचं एक मोठं पान पाठीवर घेतलं, त्यात पाणी भरलं आणि निघाला. टेकडी चढताना पाणी मागून सांडायचं. उतरताना पुढून सांडायचं. बिळाशी पोचेपर्यंत पानात दोन घोट उरायचे. एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. गोदाक्का पान चाटायची आणि म्हणायची, मला नकोच होतं, काका.

असं त्याने रोज केलं. जायला एक दिवस, यायला एक दिवस, म्हणजे रोज नाही, एक दिवसाआड.

गोदाक्का कचेरीत गेली. भाऊसाहेबांनी तिला बसायला सांगितलं, यादी मागवली, चष्मा लावला आणि ठिपका बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "बाई, जंगलात एवढी जनावरं, डाग तुमच्याच नावावर का पडला?"

गोदाक्काने पिल्लांकडे पाहिलं. भाऊसाहेबांना तेच उत्तर वाटलं.

त्यांनी सांगितलं की नावातच काहीतरी असेल, नाव बदलून बघू. गोदाक्काने नाव बदलायचा अर्ज केला. गोदाक्काची ती गोदावरी झाली. पण नवं नाव म्हणजे नवा अर्जदार, आणि नवा अर्जदार यादीच्या शेवटी. तिचं नाव पहिल्या पानावरून उचलून सहाव्या पानाच्या तळाला गेलं. नवी यादी निघाली. शेवटचं पान, एकतिसावी ओळ. गोदावरीवर ठिपका.

भाऊसाहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडे जरा आदराने पाहिलं. एवढ्या लांब मागे लागलेला डाग त्यांनी बघितला नव्हता.

मग कचेरीने खूप उपाय केले. कचेरीने काहीच केलं नाही असं म्हणता यायचं नाही. कागद बदलला. प्रिंटरचं तोंड दक्षिणेला होतं ते पूर्वेला केलं. शाईची डबी काढून हणमाने ती जोरात हलवली. तिचं बूच निघालं आणि काळी भुकटी त्याच्या तोंडावर उडाली. तेव्हापासून वानरांची तोंडं काळी आहेत असं जुनी माणसं सांगतात. ठिपका मात्र सातव्या, एकोणिसाव्या आणि एकतिसाव्या ओळीवर पडत राहिला.

शेवटी भिवाजी कचेरीत आला. यायला त्याला तीन दिवस लागले. त्याने यादीचं पान जमिनीवर पसरायला सांगितलं. गवताची एक हिरवी काडी घेतली. ती एका ठिपक्यावर ठेवली, दुसऱ्या ठिपक्यापर्यंत नेली आणि तिथे तोडली. मग तीच काडी दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत लावून पाहिली. जराही कमीजास्त नाही.

भिवाजी सावकाश म्हणाला, "भाऊसाहेब, यात गोदीचा दोष नाही. आत काहीतरी गोल फिरतंय. त्याचा घेर या काडीएवढा आहे. झाकण उघडा, मी दाखवतो."

भाऊसाहेब म्हणाले की मोजमाप ही जबाबदारीची गोष्ट आहे, त्यासाठी समिती लागते. त्यांनी काडी ठेवून घेतली. तिला दोरा बांधून फाइलला लावली. दुसऱ्या दिवशी काडी वाळून आखडली. समितीने मोजली तेव्हा ती ठिपक्यांच्या अंतराला लागू होईना. समितीने लिहिलं की कासवाचं म्हणणं मापाला उतरत नाही.

पण बाळांनो, भाऊसाहेब वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की यातून वाट निघावी. एका दुपारी चहा पिताना त्यांना ती सुचली. ठिपका तर हलत नाही. मग ठिपक्याच्या ओळीवर अशांची नावं घालू, ज्यांना पाण्याची गरजच नाही.

म्हणजे कोण, असं हणमाने विचारलं.

म्हणजे मेलेले, भाऊसाहेब म्हणाले.

कचेरीत पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम पटलं. मेलेल्यांची नावं गोळा करायला पाच कावळे नेमले. दहाव्याला कावळेच जातात, तेव्हा कोण गेलं आणि कधी गेलं हे त्यांना पाठ असतं. त्यांना बसायला वेगळी खोली दिली. दारावर पाटी लावली, ठिपका विभाग. सहा पानं, पानाला तीन, असे अठरा मेलेले शोधून त्यांनी सातव्या, एकोणिसाव्या आणि एकतिसाव्या ओळींवर नेमके बसवले. जिवंत सगळे अधल्यामधल्या ओळींत. यादी निघाली. अठरा ठिपके अठरा मेलेल्यांवर पडले. एकानेही तक्रार केली नाही.

गोदाक्का पिल्लांना घेऊन बाभळीपाशी आली. तिने बत्तिसावी ओळ दाखवली. गव्याने मान हलवली आणि यावेळी तोंड वळवलं नाही. धाकट्याने इतकं पाणी प्यायलं की ते तळ्याकाठीच झोपून गेलं. भिवाजी पाण्यातून बघत होता. आतली चूक आतच राहिली आहे, हे त्याला माहीत होतं. पण पिल्लू झोपलं होतं. त्याने म्हटलं, जाऊ दे.

उन्हाळा लांबला. शेजारच्या जंगलातलं पाणी संपलं. तिथली जनावरं या जंगलात आली. पाहुणे म्हणून भाऊसाहेबांनी त्यांना यादीत वर बसवलं. सहाची नऊ पानं झाली. नऊ पानांना ठिपके सत्तावीस.

कावळ्यांनी जुनी दप्तरं काढली. आजोबा, पणजोबा, विजेने मेलेला बगळा, कोणाच्याही लक्षात नसलेला एक ससा, सगळे मिळून भरले सव्वीस. एक मेलेला कमी पडला.

कमी पडलेली ओळ होती नवव्या पानावरची शेवटची. एकतिसावी. पाहुणे वर बसल्यामुळे तळाशी कोण राहिलं होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

भिवाजी पुन्हा तीन दिवस चालून कचेरीत आला. त्याने विचारलं, ती ओळ रिकामी सोडली तर? भाऊसाहेब म्हणाले, रिकामी ओळ सोडायची नाही असा नियम आहे, कोणीही मागून नाव घुसडेल. मग सव्विसांपैकी एकाचं नाव दोनदा लिहा, भिवाजी म्हणाला. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे दुःखाने पाहिलं. एकाला दोनदा मेलेला दाखवायचं, हे त्यांच्या हातून होणार नव्हतं.

एवढं बोलून भाऊसाहेब चहाला गेले. हणमाने इकडेतिकडे पाहिलं. "झाकण उघडायचं काम माझं नाही, आजोबा," तो हळूच म्हणाला. "पण मी आता खिडकीबाहेर बघणार आहे. आणि झाकण काही फार घट्ट नाही."

भिवाजीने झाकण उघडलं. आत लहानमोठे बरेच रूळ होते. त्याने गवताची ताजी काडी घेतली, पानावरच्या दोन ठिपक्यांमध्ये धरून तोडली आणि एकेका रुळाला गुंडाळून बघितली. बारीक रुळाला काडी दोन वेढे बसली. दुसऱ्याला दीड. मग मधला जाड रूळ आला. हिरवा, गुळगुळीत, पाण्यासारखा चमकणारा. काडीचं एक टोक फिरून दुसऱ्या टोकाला बरोबर भिडलं.

भिवाजीने तो रूळ सावकाश फिरवला. रुळावर एका ठिकाणी कुंकवाचा टिळा होता. तेलात कालवून लावलेला, वाळून घट्ट झालेला.

हे कसं झालं ते सांगतो. दसऱ्याला कचेरीत यंत्राची पूजा झाली होती. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. बाकीच्यांनी टिळा बाहेरून झाकणाला लावला. पण भाऊसाहेबांना ते वरवरचं वाटलं. त्यांनी झाकण उघडलं आणि आत सगळ्यात तेजस्वी जे दिसलं त्यालाच आपल्या बोटाने कुंकू लावलं. डोळे मिटून हात जोडले. तेव्हापासून रुळाची एक फेरी झाली की कागदावर एक ठिपका, पुन्हा एक फेरी, पुन्हा एक ठिपका.

भिवाजी म्हणाला की मऊ फडक्याने हळूच पुसलं तर दोन मिनिटांचं काम आहे. हणमा खिडकीबाहेर बघत म्हणाला, फडकं भाऊसाहेबांच्या कपाटात आहे.

भाऊसाहेब चहा पिऊन आले. त्यांनी उघडं झाकण पाहिलं, टिळा पाहिला, काडी पाहिली. त्यांना सगळं कळलं. तेवढे ते हुशार होते. मग त्यांनी झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवला.

"कुंकू पुसायचं म्हणता, भिवाजी? प्रिंटर काय विधवा झाला आहे?"

भिवाजी म्हणाला, "गोदी झाली आहे. तिला दोन पोरं आहेत."

भाऊसाहेबांनी भिवाजीच्या तब्येतीची चौकशी केली. झोप लागते का, गुडघे कसे आहेत, दम लागतो का. इतक्या मायेने त्याला कोणी पुष्कळ वर्षांत विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनी सांगितलं की एक तोड आहे, आणि तीही नुसती कागदावर. भिवाजी तळ्यातच राहतो, त्याला यादीची गरज नाही. त्याने एक उन्हाळा कागदावर मेलेलं राहायचं, म्हणजे सत्ताविसावी ओळ भरते आणि गोदाक्का एक ओळ खाली सरकते.

भिवाजीने विचार केला. धाकट्याचं झोपलेलं तोंड त्याला आठवलं. मग त्याने आपलं पाऊल शाईत बुडवून कागदावर ठेवलं. मी मेलो आहे, असं त्या कागदावर लिहिलं होतं. वाचता येत नसल्यामुळे त्याला त्याचं फार वाटलं नाही.

यादी निघाली. सत्तावीस ठिपके सत्तावीस नावांवर. गोदाक्का बत्तिसाव्या ओळीत, स्वच्छ. गव्याने तिला आणि पिल्लांना आत सोडलं. ती पाणी पीत असताना भिवाजी कचेरीतून चालत परत आला आणि आपल्या घरी तळ्यात उतरू लागला.

गव्याने शिंग आडवं केलं. "काका, तुमच्यावर डाग आहे," तो म्हणाला.

भिवाजी म्हणाला, मी इथे राहतो. गव्याने ऐकलं. पण कचेरीतून त्याला सांगितलेलं होतं की सत्ताविसावा ठिपका भिवाजीचा, आणि मेलेला पाण्यात असला की पाणी नासतं. भिवाजी बाभळीखाली उभा राहिला. त्याची पाठ उन्हात तापायला लागली.

गोदाक्काने ते पाहिलं. ती पाण्यातून बाहेर आली. काय झालं ते तिने गव्याकडून ऐकून घेतलं. मग तिच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. त्या जंगलात तिचे काटे कोणी तसे उभे राहिलेले पाहिले नव्हते. ती भिवाजीला घेऊन वाघमहाराजांकडे गेली. वाटेत भिवाजी तिला म्हणत राहिला, असू दे, पोरी, पाऊस काय आज ना उद्या येईलच. ती त्याच्या चालीने चालली.

वडाखाली दरबार भरला होता. गोदाक्का थेट पुढे गेली.

"महाराज, तो ठिपका माझ्यावर घाला," ती म्हणाली. "माझं पाणी बंद करा. पण माझ्या काकांना जिवंत करा."

महाराजांनी भिवाजीकडे पाहिलं. मग भाऊसाहेबांकडे. "अहो, हा तर समोर उभा आहे."

"दिसतो आहे, महाराज. कागदावर नाही," भाऊसाहेब म्हणाले.

महाराज मनाने चांगले होते. त्यांनी विचारलं, ते कुंकू पुसता येणार नाही का. भाऊसाहेब म्हणाले, येईल, हुकूम असेल तर आत्ता पुसतो. पण मग सत्तावीस ठिपके जातील. सत्तावीस मेलेल्यांची नावं लख्ख वाचता येतील. ज्याचं नाव वाचता येतं त्याला तळ्यावर सोडायचं, हा महाराजांचाच नियम. उद्या सत्तावीस मेलेले पाण्यावर आले तर गवा त्यांना अडवणार कसा?

महाराजांनी शेपूट जवळ ओढून घेतलं. ते वाघ होते, पण मेलेल्यांचं नाव काढलं की त्यांना कसंसंच व्हायचं.

यादी रद्द करून नवी करा, असं गोदाक्का म्हणाली. भाऊसाहेबांनी सांगितलं की यादीवर महाराजांच्या पंजाचा ठसा आहे. तो मागे घेतला तर महाराज चुकले असं होईल. बाईंचं म्हणणं असंच असेल तर तसं नोंदवून घेतो.

भिवाजीने मान बाहेर काढली. तो म्हणाला, "महाराज, दोन मिनिटांचं काम..."

भाऊसाहेबांनी मायेने त्याला थांबवलं. मृताचं म्हणणं लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

महाराजांनी बराच विचार केला. भिवाजी हा जुना, गुणी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे असं त्यांना वाटलं. मग त्यांनी हुकूम दिला की भिवाजीसाठी शोकसभा घ्या. आत्ताच घ्या. सगळे आलेलेच आहेत.

शोकसभा चांगली झाली. कावळ्यांनी सांगितलं की भिवाजी गेल्यामुळे ठिपका विभागाचं काम पूर्ण झालं. गवा म्हणाला, माणूस साधा होता. भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. भिवाजींच्या जाण्याने जंगलात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे, असं ते म्हणाले, आणि मागे कोणाला दिसत नाही म्हणून भिवाजीला जरा बाजूला सरकायला सांगितलं. महाराजांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं.

सगळे उभे राहिले. हत्तीपासून मुंगीपर्यंत माना खाली गेल्या. पानसुद्धा हललं नाही.

भिवाजी थोडा वेळ त्यांच्याबरोबर उभा राहिला. त्याने एकदा गोदाक्काकडे पाहिलं. एकदा तिच्या मागे उभ्या असलेल्या धाकट्याकडे. धाकट्याच्या ओठांवर अजून ओल होती. मग तो वळला आणि चालू लागला.

दोन मिनिटं संपली. पण भिवाजी अजून वडाच्या पहिल्या पारंबीपर्यंतच पोचला होता. गेलेला समोरून जात असताना शांतता मोडायची कशी, हे भाऊसाहेबांना कळेना. त्याबद्दल नियम नव्हता. दरबार उभाच राहिला. गोदाक्काने बोलायला तोंड उघडलं. तिच्या शेजारच्या हरणाने तिला डोळ्यांनी खुणावलं की शांतता आहे.

एक पाऊल. मग दुसरं. ऊन कलायला लागलं. भिवाजीने मागे वळून पाहिलं नाही. तो करवंदीच्या जाळीपाशी पोचला, जरा थांबला, आणि जाळीपलीकडे निघून गेला.

तात्पर्य: डाग सारख्या अंतराने पुन्हा पुन्हा पडत असेल, तर यंत्र उघडून बघू नये. त्या अंतरावर कोणाला उभं करायचं तेवढं नीट ठरवावं. माणूस सालस निवडावा. म्हणजे यंत्र चालू राहतं, राज्यही चालू राहतं, आणि शोकसभेला सगळ्यांना मनापासून रडता येतं.